चंदन दोन, हिशेबही दोन हवेत

बेंगळुरूच्या चिकपेटमध्ये चंदन विकणाऱ्याला सगळ्यात जास्त ऐकावा लागणारा प्रश्न म्हणजे "असली आहे ना?" कन्नड, मराठी, तमिळ, हिंदी, भाषा कुठलीही असो, प्रश्न हाच असतो. तो रास्त आहे, पण अपुरा आहे. आज बाजारात चंदन म्हणून येणारा अस्सल माल किमान दोन वेगळ्या झाडांचा असतो. एक झाड आपले, दक्षिणेच्या कोरड्या डोंगरउतारांवर वाढणारे. बेंगळुरूत त्याला श्रीगंध म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सँटॅलम अल्बम. दुसरे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष माळावरचे सँटॅलम स्पिकॅटम. दोघांचे घराणे एक, जाती मात्र दोन. त्यांचा गाभा वेगळा, तेल वेगळे, वाढीचा वेग वेगळा आणि उपयोगही वेगळा. तरी दुकानात पोहोचेपर्यंत दोघांवर एकच चिठ्ठी लागलेली असते: चंदन. या धंद्यात राहून माझे जे ठाम मत झाले आहे ते असे की ऑस्ट्रेलियाचे झाड नकली नाही आणि ते आपल्या झाडाची जागा घेणारेही नाही. त्याला नकली म्हणून हिणवणे चूक, तसेच ते गुपचूप आपल्या झाडाच्या नावावर खपवणेही चूक. दोघांची जात स्पष्ट सांगून, ज्याचा जो उपयोग त्याला तो भाव, असा हिशेब ठेवला तर गिऱ्हाईक, शेतकरी आणि दोन्ही झाडे, सगळ्यांचेच भले आहे.

हे मत चिकपेटमध्ये बनावे याला कारण आहे. केंपेगौडांनी 1537 मध्ये वसवलेल्या मूळ पेठेचा मध्य म्हणजे दोड्डपेट आणि चिकपेट या दोन रस्त्यांचा चौक. दोड्डपेटचा आज अव्हेन्यू रोड झाला आहे, पण रेशीम, सोने, भांडी, कागद आणि पूजासाहित्य यांची ये-जा अजून त्याच गल्ल्यांतून चालते. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून मराठी बोलणारी माणसे इथे आहेत. नंतर शिंपी, रंगारी अशी व्यवसायाने आलेली कुटुंबे त्यांत मिसळली. बाहेर कन्नड आणि देवघरात मराठी असा त्यांचा रिवाज. त्या देवघरात सहाण आणि खोड असतेच. म्हणून या भागात चंदनाची तीन गिऱ्हाइके शेजारी शेजारी उभी असलेली दिसतात. एक, सहाणेवर उगाळायला चार बोटांचे खोड मागणारा घरगुती माणूस. दोन, अगरबत्तीसाठी पोत्याने भुकटी घेणारा कारखानदार. तीन, तोळ्यावर तेल घेणारा अत्तराचा किंवा औषधाचा व्यापारी. तिघेही चंदनच मागतात, पण तिघांना हवे असते ते एकच द्रव्य नव्हे. पुढचा सगळा युक्तिवाद या तीन गिऱ्हाइकांवरच उभा आहे.

आधी झाडे पाहू. आपले चंदन हे मध्यम उंचीचे सदाहरित झाड. चांगल्या जमिनीत ते पंधरा मीटरपर्यंतही जाते. पाने समोरासमोर, पातळ, वरून चकचकीत. फुले बारीक, आधी फिकट पिवळट आणि मग तपकिरी-जांभळी होणारी. त्या फुलांना वास नसतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. फळ साधारण सेंटिमीटरभर, पिकल्यावर जांभळट काळे. कोकिळा, बुलबुल असे पक्षी ते खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. म्हणूनच बांधावर, कुंपणात, ओसाड देवळामागे चंदनाची रोपे न लावता उगवलेली दिसतात. ऑस्ट्रेलियाचे स्पिकॅटम हे बहुतेक वेळा मोठ्या झुडपाएवढे किंवा बुटक्या झाडाएवढे असते, तीन ते सहा मीटरचे. साल खरखरीत आणि करडी, पाने जाडसर आणि राखाडी झाक असलेली, फांद्या वेड्यावाकड्या. फळ मोठे, त्याचा गर चामड्यासारखा, आणि आत कठीण कवचाची गोल बी. त्या बीचा मगज खाता येतो आणि तिथल्या आदिवासी समाजांना त्याचा उपयोग पूर्वीपासून माहीत आहे. एवढी जड बी पक्ष्याच्या पोटातून सहज पसरणारी नव्हे. वॉयली नावाचा, सशाहून लहान, पिशवीवाला प्राणी ती उचलून जमिनीत पुरून ठेवी, आणि विसरलेल्या बियांतून नवी झाडे येत. कोल्हे आणि मांजरे त्या खंडात आणली गेली, वॉयली बहुतेक भागातून नाहीसा झाला, आणि त्याच्याबरोबर त्या झाडाचे आपोआप रुजणेही खूप घटले. म्हणजे एकाचा वंश पक्ष्यांच्या हाती, तर दुसऱ्याचा एका छोट्या प्राण्याच्या. एकाच घराण्यातल्या दोन जातींचे जगणे इतके वेगळे असू शकते.

जगण्याची एक रीत मात्र दोघांत समान आहे, आणि चंदन समजून घ्यायचे तर तिथूनच सुरुवात करावी लागते. दोन्ही झाडे अर्धपरजीवी आहेत. पानांतून ती स्वतःचे अन्न तयार करतात, पण मुळांनी शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून पाणी आणि क्षार घेतात. त्यामुळे चंदन एकटे लावले की खुरटते. कर्नाटक आणि महाराष्ट्रातले शेतकरी रोपाजवळ सुरुवातीला तूर लावतात, मग सुरू, करंज यांसारखे दीर्घकाळ सोबत करणारे झाड. पश्चिम ऑस्ट्रेलियात हेच काम बाभळीच्या नात्यातल्या तिथल्या एका झाडाला दिले जाते. यजमान झाड कुठले, पाणी किती, जमीन कशी, यावर चंदनाची वाढ ठरते, आणि वाढीवर ठरतो गाभा. चंदनाचा सगळा सुगंध गाभ्यात असतो. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वास नसतो. आपल्या झाडात गाभा धरायला साधारण दहा वर्षे लागतात आणि तो भरदार व्हायला त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ जातो. मुळांत तेलाचे प्रमाण सर्वाधिक असते. म्हणून चंदन बुंध्याशी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. कोरड्या ऑस्ट्रेलियन माळावर रानटी स्पिकॅटम याहूनही सावकाश वाढते. तोडण्याजोगे व्हायला तिथे कित्येक दशके लागतात. दोन्ही झाडे एका पिढीने लावायची आणि पुढच्या पिढीने तोडायची. इतका काळ ज्या मालात साठलेला असतो तो तोलताना निष्काळजीपणा करणे मला गैर वाटते.

आता तेलाकडे येऊ, कारण दोन जातींमधला खरा फरक तिथे उघडा पडतो. आपल्या चंदनाच्या तेलाचा जीव म्हणजे अल्फा आणि बीटा सँटॅलॉल. त्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अल्फा सँटॅलॉल 41 ते 55 टक्के आणि बीटा 16 ते 24 टक्के असावे लागते. स्पिकॅटमच्या तेलासाठी 2009 मध्ये वेगळे मानक ठरवले गेले. त्यात अल्फा सँटॅलॉल 15 ते 25 टक्के आणि बीटा 5 ते 20 टक्के इतकेच अपेक्षित आहे. उरलेली जागा फार्नेसॉल, बिसाबोलॉल, नुसिफेरॉल अशी दुसरी द्रव्ये घेतात. आपल्या तेलाचा वास दुधट, गोडसर, मऊ, आणि तासन्‌तास एकाच स्वरात टिकणारा. स्पिकॅटमचा वास सुरुवातीला किंचित तिखट, मग कोरडा, लाकडी, राळेची झाक असलेला. लाकडातल्या तेलाचे प्रमाणही निराळे. चांगल्या पिकलेल्या आपल्या गाभ्यात ते स्पिकॅटमच्या दुपटीहून जास्त मिळू शकते. याचा अर्थ स्पिकॅटम वाईट, असा अजिबात नाही. त्याचा अर्थ इतकाच की दोन तेलांसाठी जगाने दोन मानके केली, कारण एका मोजपट्टीने दोन्ही मोजता येत नाहीत. प्रयोगशाळेने जे केव्हाच मान्य केले ते दुकानाने मान्य करायला काय हरकत आहे?

हा फरक कागदावरचा नाही, हे तिन्ही गिऱ्हाइकांकडे पाहिले की पटते. घरगुती माणूस खोड उगाळतो, गंध कपाळाला लावतो, देवाच्या अंगाला लावतो. पंढरपुरात पाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनउटी केली जाते. उन्हाळ्याच्या काहिलीत देवाला गारवा मिळावा हा त्यामागचा भाव. इथे चंदन जळत नाही, अंगावर राहते. पाण्यात उगाळून ओले, थंड, त्वचेवर वाळत जाणारे. या उपयोगाला मऊ आणि टिकाऊ वास, बारीक पोत आणि त्वचेला सोसवणे या गोष्टी महत्त्वाच्या, आणि त्यांत आपले झाड सरस आहे. फार्नेसॉल हे द्रव्य काही लोकांच्या त्वचेला सोसत नाही, आणि युरोपीय संघाच्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर त्याची नोंद करावी लागते. ते जास्त असलेले लाकूड रोज अंगाला लावण्यासाठी घेताना गिऱ्हाइकाला तेवढी माहिती मिळायला हवी. अगरबत्तीवाल्याची गरज निराळी. त्याच्या मालात कोळसा, चिकटपणासाठी जिगट आणि लाकडाची भुकटी असते. त्याला हवा असतो आगीत न हरवणारा, धुरातून ओळखू येणारा कोरडा लाकडी सूर आणि इतर सुगंधांना धरून ठेवणारा आधार. तिथे स्पिकॅटम उत्तम काम करते. चीनमध्ये त्या लाकडाच्या धूपकांड्या दीडशे वर्षांहून अधिक काळ जळत आहेत, तेव्हा या उपयोगाची परीक्षा होऊन गेली आहे. दुर्मीळ आणि महाग अल्बमचा गाभा दळून त्याची काडी जाळून टाकणे हीच खरी उधळपट्टी. तेल घेणाऱ्याचे तर सगळे गणितच टक्क्यांवर चालते. त्याला जात कळली नाही तर त्याचे प्रत्येक मिश्रण बिघडते.

मग इतका उघड फरक एका नावाखाली कसा दडला? उत्तर आपल्या झाडाच्या इतिहासात आहे. 1792 मध्ये टिपू सुलतानाने चंदनाला राजवृक्ष ठरवले आणि त्यावर राज्याची मालकी आली. वोडेयरांच्या काळात आणि नंतरही ती राहिली. पहिल्या महायुद्धाआधी म्हैसूरचे लाकूड मोठ्या प्रमाणात युरोपात, विशेषतः जर्मनीत, जाऊन तिथे त्याचे तेल निघे. युद्धाने ती वाट बंद झाली तेव्हा नाल्वडी कृष्णराज वोडेयर आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या राजवटीत, भारतीय विज्ञान संस्थेतल्या सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने, 1916 मध्ये बेंगळुरूत तेलाचा कारखाना उभा राहिला. पुढच्या वर्षी म्हैसूरला दुसरा आला, आणि 1918 मध्ये साबण. हा या शहराच्या अभिमानाचा भाग आहे आणि असावाच. पण मालकी सरकारची असल्याने शेतकऱ्याच्या बांधावर उगवलेले झाड त्याला ओझे वाटू लागले. त्याची चोरी झाली तरी चौकशी त्याच्याच मागे लागे. त्याने रोप जपावे तरी कशासाठी? त्यात भर म्हणून 1899 मध्ये कोडगूत प्रथम नोंदवलेल्या स्पाइक रोगाने राने पोखरली. त्यावर आजही खात्रीचा इलाज नाही. चोरटी तोड वाढत गेली. 1998 मध्ये ही जात जागतिक यादीत धोक्यात असलेली म्हणून नोंदली गेली. कर्नाटकात 2001 मध्ये कायदा बदलून जमीनमालकाला त्याच्या जमिनीवरच्या चंदनाची मालकी मिळाली. पण तोवर माल आटला होता आणि मागणी तशीच होती. त्या पोकळीत दुसऱ्या जातीचे लाकूड आले, आणि जुनेच नाव घेऊन आले.

त्या दुसऱ्या लाकडाचाही स्वतःचा मोठा इतिहास आहे. 1845 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातून त्याची पहिली निर्यात झाली, आणि नंतर चीनची बाजारपेठ हेच त्याचे मुख्य ठिकाण राहिले. तिथेही आपल्यासारखीच बेसुमार तोड झाली. शेवटी 1929 मध्ये वेगळा चंदन कायदा करून तोडीवर मर्यादा घालावी लागली. 1932 च्या ब्रिटिश औषधसंहितेत ऑस्ट्रेलियन चंदनतेलाची नोंद भारतीय तेलापासून वेगळी केलेली होती. प्रतिजैविके येण्याआधी ही तेले परम्यासारख्या रोगांवर दिली जात. म्हणजे औषधाच्या जगाने ही दोन तेले तेव्हाच वेगळी नावे देऊन स्वीकारली होती. आज तिथे स्पिकॅटमची हजारो हेक्टर लागवड आहे. आणि गंमत वाटेल, पण उत्तरेला कुनुनुराच्या परिसरात आपल्या अल्बमचीही मोठी लागवड आहे. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे "इंडियन" आणि "ऑस्ट्रेलियन" ही बाजारातली सोपी विभागणी कोसळते. ऑस्ट्रेलियात वाढलेले अल्बम हे अल्बमच असते. देश सांगितल्याने जात कळत नाही. रक्तचंदनाचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे. नावात चंदन असून ते शेंगा धरणाऱ्या वृक्षांच्या कुळातले, चंदनाशी त्याचे काही नाते नाही. पूर्व आफ्रिकेत चंदनाच्या दूरच्या नात्यातले ऑसिरिस नावाचे झाड चंदन म्हणून इतके ओरबाडले गेले की 2013 मध्ये त्याच्या व्यापाराला आंतरराष्ट्रीय साइट्स कराराचे बंधन लावावे लागले. मोघम नावाच्या आडोशाला एखादे झाड कसे संपत जाते याचा तो धडा आहे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: गिऱ्हाइकाला फरक कळतच नाही, मग सांगायचे कशाला? हा आक्षेप मला दोन कारणांनी मान्य नाही. एक तर फरक कळतो, फक्त तो लगेच कळत नाही. काउंटरवर खोड नाकाशी धरून कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, कारण वरवरचा वास लावताही येतो. पण सहाणेवर उगाळले की पाण्याबरोबर गाभा बोलू लागतो. गंध वाळल्यानंतर काही तासांनी उरलेला वास, आणि दुसऱ्या दिवशी सहाणेला येणारा वास, ही अनुभवी नाकाची परीक्षा आहे. जुन्या घरांतल्या बायकांना ही परीक्षा व्यापाऱ्यापेक्षा चांगली येते, कारण रोज उगाळणाऱ्या त्याच असतात. दुसरे असे की समजा नाहीच कळला, तरी न कळणाऱ्याला न सांगता घेतलेला पैसा न्याय्य ठरत नाही. गिऱ्हाईक आपल्यावर विश्वास ठेवते ते नेमक्या अशाच ठिकाणी, जिथे त्याची स्वतःची पारख संपते. विश्वासाची सगळ्यात जास्त जबाबदारी तिथेच असते.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो अभिमानाचा आहे. आपलेच चंदन खरे, बाकीचे भेसळ, मग त्याला वेगळे नाव देऊन प्रतिष्ठा का द्यायची? या आक्षेपामागची माया मला समजते, पण तो युक्तिवाद म्हणून टिकत नाही. पायरी आंब्याला कोणी नकली हापूस म्हणत नाही. पायरी आपल्या नावाने, आपल्या भावाने विकली जाते आणि रसासाठी अनेक जण तीच पसंत करतात. फसवणूक होते ती पायरी हापूसच्या पेटीत भरली की. स्पिकॅटमचेही तसेच. ते भेसळ ठरते ते आपण त्याचे नाव लपवतो म्हणून. शिवाय सुगंधाच्या बाजारात आज खरी मोठी भरती तिसऱ्याच मालाची आहे. तेल काढून घेतलेला निःसत्त्व भुसा, आणि त्यावर शिंपडलेले कारखान्यात बनवलेले चंदनगंधी रसायन. स्वस्त काडीत पुष्कळदा दोन्हींपैकी कुठलेच चंदन नसते. अशा बाजारात स्पिकॅटम हे आपल्या चंदनाचे शत्रू नाही, खऱ्या लाकडाच्या बाजूने उभे असलेले त्याचे नातलग आहे. दोघांनाही एकमेकांपासून नव्हे, नाव नसलेल्या मालापासून धोका आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. परदेशी लाकडामुळे आपल्या रानावरचा ताण कमी होतो, मग नावाचा घोळ राहिला तरी चालेल, शेवटी झाड वाचते ना? मी या मुद्द्याचा पूर्वार्ध मान्य करतो. अगरबत्तीचा भार स्पिकॅटमने उचलला तर अल्बम नक्कीच वाचेल, आणि तसे व्हावे असेच माझे म्हणणे आहे. पण उत्तरार्ध चुकीचा आहे. नावाचा घोळ जितका, तितका चोरीच्या मालाला आडोसा. भुकटी झाल्यावर दोन जाती डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. ज्या पोत्यावर फक्त चंदन लिहिलेले असेल त्यात परवान्याने आयात झालेले लाकूड आहे की रात्री कापून आणलेले, हे कोण सांगणार? जात आणि मूळ लिहिलेले असेल तर निदान ते खोटे ठरवता येते. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने तेलाची घडण उघडी होते आणि लिहिलेल्या दाव्याशी ताडून पाहता येते. जिथे दावाच नाही तिथे ताडणार कशाशी? आणि भावाचे काय? दोन्ही माल एका नावाने विकले गेले की भाव मधोमध कुठेतरी ठरतो. स्वस्त मालाला तो जास्त मिळतो आणि उंची मालाला कमी. त्याचा फटका सगळ्यात आधी बसतो तो अल्बम लावून पंधरा-वीस वर्षे थांबणाऱ्या शेतकऱ्याला.

त्या शेतकऱ्याचा विचार मला विशेष करावासा वाटतो. कर्नाटकात कायदा बदलल्यानंतर, आणि मराठवाडा, विदर्भ, सोलापूर या कोरड्या पट्ट्यांतही, अनेकांनी चंदन लावले. सातबाऱ्यावर नोंद, तोडीची आणि वाहतुकीची परवानगी, चोरांपासून राखण, यजमान झाडांची निगा, हे सारे सोसून तो थांबला आहे. रोपे विकणाऱ्यांनी बारा वर्षांत डोळे दिपवणाऱ्या उत्पन्नाची आश्वासने दिली. गाभ्याचे विज्ञान त्या आश्वासनांना पाठिंबा देत नाही. इथे मला माझ्याच मुद्द्याची मर्यादाही मांडली पाहिजे. बिलावर अल्बम असे लिहिले म्हणून माल उत्तम ठरत नाही. बारा वर्षांच्या कोवळ्या अल्बममध्ये गाभा बोटाएवढा असू शकतो आणि त्यातले तेल जुन्या, पिकलेल्या स्पिकॅटमपेक्षाही मागे पडू शकते. म्हणून जातीबरोबर गाभ्याचे प्रमाण आणि तेलाच्या बाबतीत सँटॅलॉलचे टक्के हेही सांगितले गेले पाहिजेत. पण जात ही पहिली पायरी आहे. ती गाळून पुढच्या पायऱ्या चढता येत नाहीत. आणि जेव्हा गुणवत्तेला खरा भाव मिळतो तेव्हाच शेतकऱ्याला झाड आणखी दहा वर्षे उभे ठेवण्यात अर्थ वाटतो. कोवळे झाड आणि पिकलेले झाड एकाच नावाने, एकाच भावाने गेले तर तो लवकर तोडेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. छोट्या दुकानदाराने प्रयोगशाळा कुठून आणावी? त्याने आणूच नये, आणि तशी गरजही नाही. परदेशातून येणाऱ्या लाकडाबरोबर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र येते आणि त्यावर झाडाचे शास्त्रीय नाव लिहिलेले असते. आपल्याकडचे लाकूड वनखात्याच्या कागदांशिवाय कायदेशीरपणे हलतच नाही. म्हणजे माल बाजारात शिरतो त्या क्षणी त्याची जात कुठल्या तरी कागदावर असते. ती हरवते ती त्यानंतर, घाऊक व्यापाऱ्याकडून दलालाकडे, दलालाकडून भुकटी करणाऱ्याकडे आणि तिथून दुकानात येताना. प्रत्येकाने मागच्याच्या बिलावरची जात आपल्या बिलावर उतरवली, एवढेच काम आहे. रेशमाच्या बाजारात याच पेठेने हे करून दाखवले आहे. तुतीचे रेशीम आणि टसर वेगळे विकले जाते, दोन्हींना मान आहे आणि दोन्हींना आपापले गिऱ्हाईक आहे. शुद्ध रेशमाला सरकारी सिल्क मार्कची चिठ्ठी लागते आणि आज गिऱ्हाईक ती स्वतःहून मागते. चंदनासारख्या त्याहून मोलाच्या मालाला तेवढीही चिठ्ठी नसावी, हे योग्य नाही.

म्हणून माझे म्हणणे नेमके आहे. जिथे चंदन अंगाला लावायचे, देवाला उटी करायची, औषधात घालायचे किंवा उंची अत्तर बांधायचे, तिथे अल्बम वापरावे आणि त्याची पूर्ण किंमत द्यावी. जिथे जाळायचे तिथे स्पिकॅटम त्याच्या स्वतःच्या नावाने आनंदाने वापरावे आणि त्याला कमी लेखू नये. दोन्हींच्या बिलावर जात असावी, भुकटी असल्यास मिश्रणाचे प्रमाण असावे, आणि जिथे फक्त कृत्रिम सुगंध आहे तिथे तसे स्वच्छ लिहावे. यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. एका पेठेतल्या व्यापाऱ्यांनी ठरवले तरी सुरुवात होते, कारण दक्षिणेतला कितीतरी माल याच गल्ल्यांतून पुढे जातो. आणि गिऱ्हाइकानेही आपला प्रश्न थोडा बदलावा. "असली आहे ना?" याऐवजी "कुठल्या जातीचे आहे?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला प्रत्येक दुकानदार हो म्हणतो आणि तिथेच बोलणे संपते. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर त्याला आपले बिल काढून पाहावे लागते, आणि पुढच्या खेपेला मालाबरोबर जात लिहिलेला कागद मागून घ्यावा लागतो.